वादात बरोबर ठरूनही मित्र दुरावला, आता काय करावे?

स. न. वि. वि.

मी सांगलीत विश्रामबागला राहतो आणि पुण्यातल्या एका कंपनीचे सॉफ्टवेअरचे काम घरून करतो. आम्ही पाच-सहा मित्र अकरावीपासून एकत्र आहोत. दर रविवारी संध्याकाळी भडंगाचे पुडे घेऊन घाटावर बसायचे आणि विज्ञानातला किंवा सॉफ्टवेअरमधला एखादा विषय काढून वाद घालायचा, हा आमचा जुना परिपाठ आहे. गरम पाणी थंड पाण्याच्या आधी गोठते का, लिनक्स ही संगणकप्रणाली घरच्या संगणकावर घालावी का, पायथन ही प्रोग्रॅमिंग भाषा मोठ्या कामाला चालते का, असे काहीही. आमच्यातल्या एकाचे मार्केट यार्डात हळदीचे वडिलोपार्जित अडत दुकान आहे. त्याने स्वतः शिकून दुकानाच्या पट्ट्यांसाठी, म्हणजे शेतकऱ्यांना द्यायच्या हिशोबाच्या कागदांसाठी, पायथनमध्ये एक प्रोग्रॅम लिहिला. दोन महिन्यांपूर्वी तो म्हणाला, की दिवसाच्या पट्ट्यांची बेरीज आणि खतावणीतली बेरीज यांत एखाद-दोन पैशांचा फरक पडतो, म्हणजे पायथनला साधी बेरीजसुद्धा नीट येत नाही. मी सगळ्यांसमोर हसलो आणि म्हणालो, की संगणक दशांश अपूर्णांक कसे साठवतो हे ज्याला ठाऊक नाही, त्याने प्रोग्रॅम लिहिण्यापेक्षा पोती मोजावीत. दुसऱ्या एका मित्राने तिथेच मोबाइलवर एआयला विचारले, तर त्यानेही माझेच म्हणणे उचलून धरले. त्या दिवसापासून तो मित्र येत नाही. बरोबर असूनही मी माफी मागायची का? आणि हे वाद घालणेच आम्ही बंद करावे का?

– एक वाचक, विश्रामबाग, सांगली

प्रिय वाचक,

दोन्ही प्रश्नांची उत्तरे आधी देते आणि मग कारणांकडे वळते. माफी मागा, आणि रविवारचे वाद बंद करू नका.

माफी कशासाठी, हे तुम्हांला मनातून कळलेले आहे. नाहीतर हे पत्र आले नसते. 'पोती मोजावीत' हे बोलणे दशांश अपूर्णांकांविषयी नव्हते. ते त्याच्या दुकानाविषयी आणि त्याच्या वडिलांच्या धंद्याविषयी होते, आणि ज्यांच्यासमोर त्याची मान खाली जावी असे त्याला कधीही वाटले नसेल, अशा मित्रांसमोर ते उच्चारले गेले. संगणकशास्त्रातले कोणतेही सत्य त्या बोलण्याच्या पाठीशी उभे करता येणार नाही. हे एवढे सांगून मी हा भाग सोडून देते, कारण तुमच्या पत्रात मला याहून जास्त खटकलेली एक गोष्ट आहे. तुम्ही 'बरोबर असूनही' असे लिहिले आहे. तुम्ही बरोबर होता की नाही, हे अजून कोणी तपासलेलेच नाही.

तुमच्या मित्राने त्या संध्याकाळी दोन वेगवेगळ्या गोष्टी सांगितल्या होत्या. दोन बेरजांमध्ये एखाद-दोन पैशांचा फरक पडतो, ही पहिली. ती त्याने स्वतः रोज पाहिलेली होती. पायथनला बेरीज येत नाही, ही दुसरी. ते त्याने लावलेले कारण होते. कारण चुकीचे असू शकते आणि ते चुकीचे आहे असे म्हणण्याचा तुम्हांला पूर्ण अधिकार होता. पण तुम्ही कारण खोडून काढताना त्याने पाहिलेली गोष्टही त्यासोबत फेकून दिली. तो फरक नेमका कुठे पडतो, केवढा पडतो, कोणत्या दिवशी पडतो, हे त्याला कोणीही विचारले नाही. तुम्ही तुमच्याकडे तयार असलेले उत्तर दिलेत, आणि ते उत्तर त्याच्या पट्टीला लागू पडते का, हे पाहण्याआधीच वाद संपला.

तुमचे तयार उत्तर काय होते, ते इतर वाचकांसाठी सांगते. संगणक संख्या द्विमान पद्धतीत, म्हणजे फक्त 0 आणि 1 या अंकांत, साठवतो. दशमान पद्धतीत एक तृतीयांश लिहायला गेले तर 0.333 पुढे कधीच संपत नाही. तसेच द्विमान पद्धतीत एक दशांशाचे होते, आणि संगणकाला कुठेतरी थांबावेच लागते. संगणकाने अपूर्णांक कसे साठवावेत हे सांगणाऱ्या, 1985 साली ठरलेल्या आयट्रिपलई 754 या मानकाप्रमाणे नेहमीच्या वापरातल्या अपूर्णांकासाठी 53 बिटांची, म्हणजे 53 द्विमान अंकांची, अचूकता मिळते, त्यामुळे 0.1 म्हणून जे साठते ते प्रत्यक्षात 0.1000000000000000055 च्या आसपास असते. पायथनमध्ये 0.1 आणि 0.2 यांची बेरीज केली, तर 0.30000000000000004 हे उत्तर दिसते ते यामुळेच. जावा, जावास्क्रिप्ट आणि सी या भाषांतही हेच घडते, म्हणून पायथनला एकट्याला दोष देणे चूक आहे, आणि इथवर तुमचे म्हणणे निर्विवाद आहे. ज्या अपूर्णांकाचा छेद दोनचा घात (2, 4, 8, 16 असा) असतो, तोच या पद्धतीत अचूक बसतो. म्हणजे आजच्या रुपयातले 25, 50 आणि 75 पैसे अचूक साठतात आणि बाकीचे सगळे जवळपास. 1 एप्रिल 1957 रोजी दशमान नाणी येण्यापूर्वीचा रुपया 16 आण्यांचा आणि 64 पैशांचा होता, आणि 16 व 64 हे दोन्ही दोनचे घात आहेत. तुमच्या मित्राच्या आजोबांच्या काळातला आणे-पैशांचा हिशोब या बाबतीत आजच्या संगणकाला आजच्या हिशोबापेक्षा सोपा गेला असता, ही गोष्ट मला फार विलक्षण वाटते.

आता त्या फरकाचा आकार पाहा, कारण सगळी गोम तिथे आहे. 53 बिटांमध्ये दशमानातले पंधरा-सोळा अंक मावतात. एका दिवसाची उलाढाल एक कोटी रुपये धरली, तरी पैशांसह ती संख्या दहा अंकांची होते. म्हणजे पैशाच्या पुढेही पाच-सहा अंकांची जागा शिल्लक राहते, आणि काही शे पट्ट्यांची बेरीज करताना साचत जाणारी चूक पैशाच्या फार खालच्या भागात राहते. ती छापून आली, तर शेपटाला लांबलचक आकडे दिसतील. अख्खा एक पैसा काही त्यामुळे हलत नाही. तुमचा मित्र मात्र एखाद-दोन पैशांचा फरक सांगत होता. तुम्ही दिलेले कारण खरे होते, पण निव्वळ बेरजेत त्या आकाराचा फरक त्यातून निघत नाही.

मग अख्खा पैसा कुठे जातो? तो राउंड करताना, म्हणजे रक्कम जवळच्या पूर्ण पैशावर आणताना जातो, आणि त्याचे निदान दोन रस्ते आहेत. पहिल्या रस्त्यात तुम्ही दिलेल्या कारणाचा थोडा वाटा आहे. पट्टीतल्या एखाद्या ओळीत, समजा हमालीच्या किंवा तोलाईच्या ओळीत, गुणाकार होऊन 2.675 रुपये आले. अर्धा पैसा आला की वरचा पैसा धरायचा, या रिवाजाने ते 2.68 व्हायला हवेत. पायथनला 2.675 दोन दशांश स्थळांपर्यंत राउंड करायला सांगा, उत्तर 2.67 येईल, कारण साठवलेली संख्या 2.675 पेक्षा किंचित कमी, 2.67499999999999982 च्या जवळची असते. इथे खरोखर एक पैसा हरवतो, आणि तो शोधून काढण्यासाठी तुमच्या ज्ञानाचा उपयोग झाला असता.

दुसऱ्या रस्त्यात संगणकाचा काही संबंधच नाही. तीन ओळी घ्या, प्रत्येकीची रक्कम 10.335 रुपये. प्रत्येक ओळ आधी राउंड केली तर 10.34 होते आणि तिन्हींची बेरीज 31.02 येते. आधी बेरीज केली तर 31.005 येते आणि राउंड केल्यावर 31.01 होते. कागदावर, पेन्सिलीने, कितीही सावकाश हिशोब केला तरी हा एक पैशाचा फरक राहतो. पट्टी ओळीओळीने राउंड होत असेल आणि खतावणीत शेवटी एकदाच राउंड होत असेल, तर तुमच्या मित्राला जे दिसत होते नेमके तेच दिसणार. यातला कोणता रिवाज योग्य, याचे उत्तर कोणत्याही प्रोग्रॅमिंग भाषेत सापडत नाही. ते अडत दुकानात, शेतकऱ्याच्या हातात पट्टी देणाऱ्या माणसाकडे असते. ज्याला तुम्ही पोती मोजायला पाठवलेत, तुमच्या त्या पाच-सहा जणांत या प्रश्नाचे उत्तर फक्त त्यालाच देता आले असते.

असा प्रकार मोठ्या जागीही घडलेला आहे. कॅनडातल्या व्हॅंकूव्हर शेअर बाजाराने जानेवारी 1982 मध्ये 1000 या अंकापासून आपला निर्देशांक सुरू केला. प्रत्येक व्यवहारानंतर तो नव्याने काढला जाई आणि तिसऱ्या दशांश स्थळापुढचे आकडे राउंड न करता सरळ छाटले जात. छाटलेला भाग दर वेळी नगण्य असे, पण दिवसातून हजारो वेळा तो एकाच दिशेने जात होता. नोव्हेंबर 1983 पर्यंत निर्देशांक 524 च्या आसपास घसरला. चूक दुरुस्त केल्यावर तो 1098 च्या घरात निघाला. त्या दोन वर्षांत बाजार बरा चालला आहे आणि हा आकडा मात्र पडतोच आहे असे जो कोणी म्हणाला असेल, त्याला कारण सांगता आले नसते, पण त्याचे पाहणे अगदी खरे होते.

तुमच्या दुसऱ्या मित्राने एआयला विचारले, त्यात गैर काहीच नाही. मात्र त्याला काय विचारले गेले, हे आठवून पाहा. संगणकात दशांश अपूर्णांक अचूक साठतात का, अशा स्वरूपाचा सर्वसाधारण प्रश्न विचारला असणार आणि त्याचे सर्वसाधारण, बरोबर उत्तर मिळाले असणार. पट्टी त्याच्यासमोर नव्हती आणि प्रोग्रॅमही नव्हता. एखादे यंत्र किंवा एखादा तज्ज्ञ निवाडा देतो, तेव्हा तो त्याच्यापुढे ठेवलेल्या प्रश्नाचा असतो, आणि घाटावर मूळ प्रश्न कोणी पुढे ठेवलाच नव्हता. यापुढे वादात मोबाइल काढायचाच असेल, तर निवाडा मागण्याऐवजी दोन ओळींचा प्रोग्रॅम त्यावर चालवून सगळ्यांनी मिळून उत्तर पाहावे, असे मी सुचवेन. 2.675 चे उत्तर 2.67 आलेले सगळ्यांनी एकत्र पाहिले असते, तर तिथून संध्याकाळ वेगळ्या दिशेने गेली असती.

तुम्ही गरम पाण्याचा उल्लेख केला आहे, म्हणून त्या वादाचा इतिहासही सांगते. 1963 साली टांगानिकात, म्हणजे आजच्या टांझानियात, एरास्तो म्पेम्बा नावाच्या शाळकरी मुलाने आइस्क्रीमसाठी उकळलेले दूध गार न करताच फ्रीजरमध्ये ठेवले आणि ते इतरांच्या गार दुधाच्या आधी गोठलेले त्याला दिसले. शिक्षकांनी त्याचा गोंधळ झाला असे म्हणून विषय संपवला आणि वर्गात त्याची थट्टा सुरू झाली. पुढे दारेसलामच्या विद्यापीठातले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक डेनिस ऑस्बोर्न त्याच्या शाळेत आले, तेव्हा त्याने सगळ्यांसमोर तोच प्रश्न विचारला आणि पुन्हा हशा झाला. ऑस्बोर्न यांनाही ते अशक्य वाटत होते, तरी त्यांनी प्रयोग करून पाहण्याचे कबूल केले, तो करवून घेतला, आणि 1969 मध्ये दोघांच्या नावाने निबंध प्रसिद्ध झाला. या गोष्टीचा पुढचा भाग सहसा सांगितला जात नाही. 2016 साली बरिज आणि लिंडन या दोन संशोधकांनी काळजीपूर्वक मोजमापे केली, तेव्हा हा परिणाम खरोखर घडतो याला भक्कम पुरावा त्यांना मिळाला नाही, आणि तापमापक सेंटिमीटरभर वर-खाली झाला तरी निष्कर्ष फिरू शकतो असे त्यांनी दाखवले. पाणी शून्य अंशाला पोहोचणे म्हणजे गोठणे, की सबंध भांड्याचा बर्फ होणे म्हणजे गोठणे, हे आधी ठरवले नाही तर तुमच्या गटातले दोघे जण दोन वेगळ्या गोष्टींवर भांडत राहतील. म्पेम्बाने पाहिले ते शेवटी कितपत टिकेल, हा भाग वेगळा. ऑस्बोर्न यांनी त्या मुलाशी जसे वागायला हवे होते तसे ते वागले, यात मात्र 2016 च्या मोजमापांनी काही फरक पडत नाही.

पाहिलेली गोष्ट आणि तिचे कारण यांत फरक करणे सांगलीकरांना नवीन नाही. पावसाळ्यात कृष्णा वाढू लागली, की आयर्विन पुलापाशी पाणी किती फुटांवर आहे यावर गावात कोणी वाद घालत नाही. 40 फुटांना इशारा पातळी, 45 फुटांना धोका पातळी, हे लहान मुलांनाही पाठ असते, आणि 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 57 फुटांवर गेले होते यावरही सगळ्यांचे एकमत आहे. वाद असतो तो कारणांचा: अलमट्टीचा फुगवटा, कोयनेचा विसर्ग, पाणलोट क्षेत्रातला पाऊस, नदीपात्रातली बांधकामे. तो वाद कितीही कडवट झाला तरी जो माणूस आपल्या दारात पाणी आल्याचे सांगतो, त्याला 'तुला धरणातले काय कळते' म्हणून कोणी घरी पाठवत नाही. तुमच्या रविवारच्या गटाने एवढी एक रीत उचलावी, एवढेच माझे म्हणणे आहे.

बरोबर असताना माफी कशी मागायची, याचे उदाहरण तुमच्याच क्षेत्रात आहे. जानेवारी 1992 मध्ये ॲमस्टरडॅममधले प्राध्यापक अँड्र्यू टॅननबॉम यांनी लिनक्सची रचना कालबाह्य असल्याचे जाहीरपणे लिहिले. त्यांची स्वतःची मिनिक्स ही प्रणाली तेव्हा विद्यार्थ्यांमध्ये प्रसिद्ध होती, आणि लिनक्स लिहिणारे लिनस टॉरवाल्ड्स हे हेलसिंकीतले बावीस वर्षांचे विद्यार्थी होते. टॉरवाल्ड्स यांनी संतापून, अतिशय बोचऱ्या शब्दांत उत्तर दिले. एक-दोन दिवसांतच त्यांनी आपल्या भाषेबद्दल जाहीर माफी मागितली, पण लिनक्सच्या रचनेविषयीचे मत मात्र तसूभर बदलले नाही. त्या वादाचा निकाल कोणाच्या बाजूने लागला, हे सांगणेही सोपे नाही. लिनक्स आज प्रत्येक अँड्रॉइड फोनच्या गाभ्यात आहे; इंटेलचे प्रोसेसर लवकरच मागे पडतील हा टॅननबॉम यांचा अंदाज साफ चुकला; आणि त्याच इंटेलच्या चिपसंचांच्या व्यवस्थापन भागात मिनिक्स चालत असल्याचे 2017 मध्ये उघड झाले. मला त्याहून मोलाचे वाटते ते 2004 सालचे. लिनक्स हे टॉरवाल्ड्स यांचे स्वतःचे लेखन नसावे, ते मिनिक्सवरून घेतलेले असावे, असा आरोप एका अमेरिकी संस्थेच्या लेखकाने केला, तेव्हा तो खोडून काढायला टॅननबॉम स्वतः पुढे आले आणि हे काम टॉरवाल्ड्स यांचेच आहे, असे त्यांनी जाहीरपणे लिहिले. बारा वर्षांपूर्वीचे मतभेद दोघांनीही सोडलेले नव्हते.

तेव्हा माफी मागताना 'पायथनचे तुझे बरोबर असेल बुवा' असे मन राखण्यासाठी म्हणू नका. ते खोटे असेल, आणि प्रोग्रॅम लिहिणाऱ्या माणसाला ते लगेच कळेल. पायथनविषयीचे त्याचे म्हणणे तुम्हांला आजही पटत नाही हे राहू द्या. पोत्यांविषयी बोललात ते बोलायला नको होते, आणि त्याने सांगितलेला फरक न बघताच तुम्ही उत्तर दिलेत, या दोन गोष्टींची माफी मागा. अपमान सगळ्यांसमोर झाला होता, म्हणून इतर मित्रांसमोरही हे एकदा बोलून दाखवा, मग तो त्या दिवशी हजर असो वा नसो.

प्रोग्रॅमची ओळ आत सरकवायला टॅब वापरावा की स्पेस, पडद्याची पार्श्वभूमी काळी असावी की पांढरी, असल्या आवडीनिवडीच्या वादांची मला काळजी वाटत नाही. ते खुशाल चालू द्या. त्यांचा निकाल लागत नाही आणि लागायची गरजही नाही. पायथन मोठ्या कामाला चालते का, हा मात्र त्या जातीचा वाद नाही. काम कोणते, माहिती किती, यंत्र कोणते हे ठरवून वेळ मोजता येतो, आणि मोजल्याशिवाय त्यावर आवाज चढवण्यात अर्थ नाही.

त्याच्याकडे जाल तेव्हा सौदे चालू असताना जाऊ नका. ते आटोपल्यावर, दुकानात जरा शांतता झाली की जा. ज्या दिवशी फरक पडला अशा एका दिवसाच्या पट्ट्या त्याला काढायला सांगा आणि प्रत्येक ओळ कॅल्क्युलेटरवर त्याच्यासोबत ताडून पाहा, म्हणजे पैसा पहिल्यांदा कुठे हलतो ती ओळ सापडेल. ओळीओळीने राउंड करायचे की शेवटी, हे त्याला आणि त्याच्या वडिलांना ठरवू द्या. ते ठरले की रकमा पूर्ण पैशांत, म्हणजे अपूर्णांकाशिवाय, साठवण्याचे किंवा पायथनमधले दशमान पद्धतीतच हिशोब करणारे डेसिमल वापरण्याचे काम तुम्ही करा, आणि डेसिमल वापरणार असाल तर आकडा अवतरणचिन्हांत देण्याचे विसरू नका, नाहीतर आत जाणारी संख्या आधीच बिघडलेली असेल. या भेटीत त्याला रविवारी येण्याचा आग्रह धरू नका. प्रोग्रॅम दुरुस्त झाल्यावरही तो काही आठवडे आला नाही, तरी पट्ट्यांची बेरीज आता जुळते का, हे मात्र फोन करून विचारत राहा.